मध्यरात्रीचे नागपूर आणि रिकामी खुर्ची

दिवाळी तीन-चार आठवड्यांवर आली की आमच्या नागपूरच्या घरात हल्ली एक नवाच विधी सुरू होतो. स्वयंपाकघरात चकलीच्या भाजणीचा वास दरवळत असतो, माळ्यावरचा आकाशकंदील खाली उतरलेला असतो, आणि नेमका त्याच वेळी बंगळूरहून भाच्याचा फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही, प्रकृतीची चौकशी नाही. पहिले वाक्य ठरलेले. "मामा, आज पुन्हा चढलं!"

चढले ते विमानाचे भाडे. श्रावणात ज्या भावाने खुर्ची मिळत होती, त्याच्या तिप्पट भाव धनत्रयोदशीला. परवा माझी बहीण, म्हणजे या भाच्याची आई, चकलीचा सोऱ्या हातात धरूनच मला म्हणाली, "दादा, विमान तेच, आकाश तेच, बसायची खुर्चीही तीच. मग ही लूट कशाची?"

प्रश्न रास्त होता. मी तिला तेवढ्यापुरते काहीतरी सांगून वेळ मारून नेली. पण प्रश्न मनातून जाईना. आणि गंमत अशी की, विचार करता करता मला आठवले ते आमच्या लहानपणीचे उन्हाळे. धंतोलीच्या घराच्या गच्चीवर आम्ही भावंडे झोपत असू. मध्यरात्र उलटली की सोनेगावच्या बाजूने एक घरघर ऐकू येई. थोड्या वेळाने दुसरी, मग तिसरी. आजी कूस बदलून म्हणायची, "टपाल आलं." आम्हांला ती घरघर म्हणजे झोपेचा एक भागच वाटे. बहिणीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर त्या घरघरीत दडलेले होते, हे कळायला मात्र केस पिकावे लागले.

वाचकहो, ते उत्तर शोधण्यासाठी थोडे मागे जावे लागेल. पण त्याआधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ या.

संध्याकाळी मंडई उठायच्या वेळी पालेभाजीवाली जुडी निम्म्या भावात का देते? उद्या ती जुडी कोमेजणार, हे तिला ठाऊक असते म्हणून. विमानातील खुर्ची पालेभाजीहूनही नाशवंत आहे. भाजी निदान संध्याकाळपर्यंत टिकते; खुर्ची विमानाची चाके जमीन सोडतात त्या क्षणी मरते. मुंबईहून रिकामी निघालेली खुर्ची दिल्लीला पोहोचल्यावर कोणी विकत घेत नाही. उलट खर्च पाहावा, तर पेट्रोल, वैमानिकाचा पगार, विमानाचे हप्ते, धावपट्टीचे भाडे, हे सारे विमान भरलेले असो वा मोकळे असो, जवळजवळ तेवढेच. एक उतारू वाढला तर कंपनीला जादा खर्च किती? थोडे इंधन आणि एक कप चहा. त्यामुळे शेवटची खुर्ची मातीमोलाने विकली तरी फायदाच, असे प्रत्येक कंपनीला वाटते. आणि सगळ्याच खुर्च्या मातीमोलाने विकल्या तर दिवाळे, हेही तितकेच खरे. या दोन सत्यांच्या कात्रीत हा धंदा जन्मापासून सापडलेला आहे.

आगबोटींचेही असेच होते. वि. ओ. चिदंबरम पिळ्ळै यांनी १९०६ साली तुतिकोरिन ते कोलंबो अशी स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हा प्रतिस्पर्धी ब्रिटिश कंपनीने भाडे उतरवीत उतरवीत अखेर उतारू फुकट नेण्याची तयारी दाखविली, आणि वर एकेक छत्री भेट दिली, असे सांगतात. स्वदेशी कंपनी काही वर्षांतच बुडाली. त्यानंतर छत्र्या वाटल्या गेल्या नसतील, हे सांगायला नकोच.

* * *

आपल्याकडच्या विमानधंद्याचा श्रीगणेशा झाला तो मात्र उतारूंवर नव्हे, तर पत्रांवर. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून एका चिमुकल्या पुस मॉथ विमानात बसले आणि अहमदाबादमार्गे जुहूला उतरले. बरोबर होते पंचवीस किलोच्या आसपास टपाल. अहमदाबादला पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते. जुहूहून पुढे नेव्हिल व्हिन्सेंट यांनी ते टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला पोहोचविले. जुहूचे मैदान म्हणजे समुद्रकाठची चिखलाची जागा. पावसाळ्यात तिथे पाणी भरे आणि सारा कारभार पुण्याला हलवावा लागे.

टाटांनी या उद्योगात घातलेले भांडवल होते दोन लाख रुपये. पहिल्या पूर्ण वर्षात, म्हणजे १९३३ मध्ये, त्यांची विमाने १,६०,००० मैल उडाली. त्यांनी वाहिलेले टपाल सुमारे साडेदहा टन, आणि उतारू किती? अवघे १५५! तरीही वर्षाअखेर साठ हजारांचा नफा झाला. याचे मर्म असे, की टपाल हे आदर्श गिऱ्हाईक आहे. ते खिडकीजवळची जागा मागत नाही, उशीर झाला म्हणून भांडत नाही, आणि मुख्य म्हणजे ते रोज येते. खुर्ची भरायची चिंताच नाही, कारण खुर्ची जवळजवळ नव्हतीच.

चिंता आली ती महायुद्धानंतर. युद्ध संपताच अमेरिकन फौजांनी मागे ठेवलेली डाकोटा विमाने स्वस्तात विक्रीला निघाली. युद्धात वैमानिक आणि कारागीर तयार झाले होतेच. ज्याच्यापाशी थोडे भांडवल, त्याला वाटू लागले की आपणही विमान कंपनी काढावी. १९४६ साली परवाने देणारे मंडळ स्थापन झाले आणि त्याने सढळ हाताने परवाने वाटले. एअर इंडिया, इंडियन नॅशनल, एअर सर्व्हिसेस, डेक्कन, भारत, कलिंग, हिमालयन, अंबिका, ज्युपिटर... नावांची एखादी आरतीच म्हणावी! डाकोटात एकवीस ते अठ्ठावीस माणसे बसत. पण तेवढी माणसे दररोज आणायची कुठून? विमानाचे तिकीट परवडणारा वर्ग मूठभर. फाळणीच्या वेळची निर्वासितांची ने-आण आणि काश्मीरची मोहीम यांनी या विमानांना काही महिने काम दिले, पण ती आणीबाणी होती, व्यापार नव्हे. आणीबाणी सरली आणि रिकाम्या खुर्च्या डोळ्यांत खुपू लागल्या. अंबिका आणि ज्युपिटर या कंपन्यांनी तर १९५० उजाडण्यापूर्वीच गाशा गुंडाळला. इंधनावरच्या जकातीत सूट देऊन सरकारने बाकीच्यांना कसेबसे तरते ठेवले.

* * *

अशा पडत्या काळात, १९४९ साली, आमच्या नागपूरच्या मध्यरात्रीला महत्त्व आले.

रफी अहमद किडवाई तेव्हा दळणवळण मंत्री होते. मनुष्य धडाडीचा. विमाने दिवसा उडतात आणि रात्री हँगरात झोपतात. टपाल मात्र रात्रीच साचते. तर मग विमानांनी रात्री का उडू नये? मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघावे, चौघांनी मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरास भेटावे, टपालाच्या थैल्यांची आणि उतारूंची अदलाबदल करावी, आणि पहाटे आपापल्या घरी परतावे, अशी ती योजना. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी कलकत्त्यात वाटले जाई. त्याच वर्षी देशांतर्गत पत्रे जादा आकार न घेता विमानाने नेण्याची पद्धतही सुरू झाली. रात्रीच्या उतारूला भाडेही दिवसापेक्षा कमी पडे.

या योजनेतले गणित पाहण्यासारखे आहे. चार शहरे एकमेकांना थेट जोडायची, तर सहा मार्ग लागतात. मुंबई-दिल्ली, मुंबई-कलकत्ता, मुंबई-मद्रास, दिल्ली-कलकत्ता, दिल्ली-मद्रास, कलकत्ता-मद्रास. या सहांची एकेरी लांबी होते सुमारे ८,२०० किलोमीटर. नागपूर मध्ये धरले की मार्ग उरतात चार, आणि त्यांची लांबी भरते सुमारे ३,४०० किलोमीटर. म्हणजे निम्म्याहूनही कमी उड्डाणात काम तेच! शिवाय मुंबईहून निघालेल्या एकाच विमानात दिल्लीचे, कलकत्त्याचे आणि मद्रासचे, असे तिन्हीकडचे टपाल आणि उतारू. तीन अर्धरिकामी विमाने उडविण्याऐवजी एक भरलेले. लग्नघरात चार दिशांचे पाहुणे एका ओसरीवर जमावेत आणि आपापल्या गाठी बांधून पुन्हा चार दिशांना जावेत, तशी ती सोनेगावची मध्यरात्र होती. १७ एप्रिल १९७३ रोजी फेडरल एक्सप्रेस या अमेरिकन कंपनीने मेंफिस शहरी रात्री विमाने एकत्र आणून पार्सलांची अदलाबदल सुरू केली. पहिल्या रात्री १४ विमाने आणि १८६ पार्सले. त्या व्यवस्थेचे जगभर कौतुक झाले, आणि ते योग्यच आहे. आमच्या सोनेगावला ती रीत त्याआधी चोवीस वर्षे चालू झाली होती, एवढेच नम्रपणे नमूद करतो.

पण स्वस्ताईची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. रात्रीच्या उड्डाणाला लागणारे दिवे, रेडिओ आणि मार्गदर्शक यंत्रे तेव्हा पुरेशी नाहीत, अशी शंका जे. आर. डी. टाटांसारख्या जाणत्यांनी घेतली होती, आणि त्यावरून मंत्र्यांशी त्यांचा खटकाही उडाला. पुढे डिसेंबर १९५३ मध्ये रात्रीच्या टपालाचे एक डाकोटा नागपूरहून उडताच कोसळले आणि त्यातील बहुतेक सर्वजण दगावले. खर्चात काटकसर करता येते; पण कुठल्या खात्यात करायची आणि कुठल्या खात्याला हात लावायचा नाही, हे ज्याला कळते तोच खरा काटकसरी.

* * *

एवढ्या साऱ्या कंपन्यांचे करायचे काय, हे ठरविण्यासाठी १९५० साली सरकारने एक चौकशी समिती नेमली. तिचे अध्यक्ष होते मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष. दोन वर्षांनी स्थापन झालेल्या पहिल्या वृत्तपत्र आयोगाचेही अध्यक्ष तेच, म्हणून वृत्तपत्रसृष्टीला त्यांचे नाव परिचित आहे. मोठ्या वृत्तपत्रांनी कमी किमतीत जास्त पाने देऊन लहानांना चिरडू नये म्हणून पानांची आणि किमतीची सांगड घालावी, अशी शिफारस त्या आयोगाने केली होती. अतिस्वस्त माल वाटणारा मोठा भाऊ आणि त्याच्यापुढे दम तोडणारा धाकटा, हा तिढा न्यायमूर्तींना विमानांत भेटला आणि वर्तमानपत्रांतही भेटला.

विमानांच्या बाबतीत समितीने आधी जमाखर्च मांडला. परवाने गरजेपेक्षा फार जास्त दिले गेले, कंपन्या फार झाल्या, आणि प्रत्येक कंपनीची वेगळी कचेरी, वेगळा कारखाना, वेगळे सुटे भाग, यांचा बोजा मूठभर उतारूंवर पडतो, असा तिचा निष्कर्ष होता. कंपन्यांनी आपणहून एकत्र येऊन चारच गट करावेत आणि राष्ट्रीयीकरणाचा विचार पाच वर्षे पुढे ढकलावा, असे तिने सुचविले. पण आपणहून एकत्र येणे सोपे का असते? भाऊबंदकीचे वाटे करताना आपली विहीर आणि आपला आंबा सोडायला कोण तयार होतो? कंपन्या भांडत राहिल्या, डाकोटा म्हाताऱ्या होत राहिल्या, आणि नवी विमाने घ्यायला कोणापाशीच पैसा उरला नाही.

अखेर १९५३ साली कायदा झाला. जगजीवनराम तेव्हा दळणवळण मंत्री होते. १ ऑगस्ट १९५३ पासून आठ कंपन्या मिळून इंडियन एअरलाइन्स कॉर्पोरेशनचा कारभार चालू झाला, आणि परदेशी उड्डाणांसाठी एअर इंडिया इंटरनॅशनल हे वेगळे महामंडळ झाले. नव्या सुनेला सासरी वारशात काय मिळाले, तर ९९ विमाने, आणि त्यांतील ७४ डाकोटा!

पुढची चाळीस वर्षे देशात एकच दुकान आणि एकच भाव. त्याचे फायदे होते. रात्रीचे टपाल सत्तरीच्या दशकापर्यंत चालले. ज्या आडगावी धंद्याच्या हिशेबाने विमान गेलेच नसते, तिथे ते गेले. दिवाळी आहे म्हणून भाडे तिप्पट झाले नाही. पण किंमत नाहीशी झाली, असे मात्र समजू नये. ती पैशांऐवजी रांगेत मोजली जाऊ लागली. तिकीट स्वस्त की महाग हा प्रश्न मागे पडून ते मिळते की नाही, हा प्रश्न पुढे आला. आणि जिथे वस्तू कमी व भाव बांधलेला, तिथे वशिला आपोआप जन्माला येतो. गिऱ्हाईक दुसरीकडे जाऊच शकत नाही, हे ज्या दुकानदाराला ठाऊक असते, त्याच्या काट्याकडे कोणी पाहत नाही आणि तोही पाहत नाही.

* * *

दरम्यान अमेरिकेत एक नवाच डाव शिजला. तिथे १९७८ साली विमानभाड्यांवरचे सरकारी नियंत्रण उठले. १९८१ मध्ये पीपल एक्सप्रेस नावाची कंपनी निघाली. सामानाला वेगळे पैसे, खाण्याला वेगळे पैसे, पण तिकीट इतके स्वस्त की बसने जाणारे लोक विमानात बसू लागले. मोठ्या कंपन्यांना घाम फुटला. तेव्हा १९८५ च्या जानेवारीत अमेरिकन एअरलाइन्सने नामी युक्ती केली. सगळ्या खुर्च्यांचा भाव पाडण्याऐवजी तिने एकाच विमानातल्या खुर्च्यांचे गट पाडले. जो आठवडे आधी घेईल त्याला पीपल एक्सप्रेसच्याच भावाने; जो आयत्या वेळी येईल, म्हणजे ज्याला जाणे भागच आहे, त्याला चढ्या भावाने. किती खुर्च्या कोणत्या गटात ठेवायच्या, हे संगणक रोज ठरवी. दोन वर्षांत पीपल एक्सप्रेस दुसऱ्या कंपनीच्या पोटात गडप झाली. आमच्या भाच्याला रोज रात्री छळणारा आकडा याच हिशेबाचा नातू आहे.

आपल्याकडे १९९४ साली तो १९५३ चा कायदा रद्द झाला. परवाने देण्याआधीच काही कंपन्या टॅक्सीसारख्या उडू लागल्या होत्या. आणि मग जुनीच आरती नव्या नावांनी सुरू झाली. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त, एनईपीसी. यांतली एकही १९९७ च्या पुढे टिकली नाही. २००३ साली कॅप्टन गोपीनाथ यांनी एअर डेक्कन काढली आणि एक रुपयात तिकीट देऊन दाखविले. ज्यांनी विमान केवळ डोक्यावरून जाताना पाहिले होते, अशी हजारो माणसे चपला सांभाळत त्यात चढली. पुढे ती कंपनी किंगफिशरच्या हाती गेली, आणि किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली. जेट २०१९ मध्ये, गो फर्स्ट २०२३ मध्ये. प्रत्येक वेळी ज्यांचे पगार थकले ते वैमानिक, कारागीर, हवाई सुंदऱ्या, सामान उचलणारे. आणि ज्यांची तिकिटे वाया गेली ते तुमच्या-आमच्यासारखे उतारू. एअर इंडियाही कर्जात बुडून २७ जानेवारी २०२२ रोजी पुन्हा टाटांच्या घरी आली.

या पडझडीत तगली ती इंडिगो. २००६ साली उड्डाणे सुरू झाली, पण त्याच्या आदल्या वर्षीच तिने एकाच जातीच्या शंभर विमानांची मागणी नोंदविली होती. विमाने एका जातीची, म्हणजे वैमानिकांचे शिक्षण एक, सुटे भाग एक, कारागिराचा हात एकाच यंत्रावर बसलेला. विमान उतरले की अर्ध्या तासाच्या आसपास पुन्हा उडालेच पाहिजे, कारण जमिनीवर उभे असलेले विमान कमावीत नाही. राजाध्यक्ष समितीने आठ कारखाने आणि आठ कचेऱ्यांबद्दल जे म्हटले होते, त्याचेच हे उलट टोक. पण परिणाम काय झाला? आता देशातील दर पाच उतारूंपैकी तीन एकाच कंपनीच्या विमानात बसतात. एका दुकानापासून निघालो, अनेक दुकाने मांडून मोडून, पुन्हा एका मोठ्या दुकानाच्या दाराशी आलो.

महामारीत, मे २०२० पासून ऑगस्ट २०२२ पर्यंत, सरकारने भाड्याला वरची आणि खालचीही मर्यादा घातली होती. वरची मर्यादा उतारूसाठी, हे कोणालाही कळते. खालची कशासाठी? तर धनवान कंपनीने भाव पाडून दुबळ्या कंपनीला मारू नये म्हणून. तुतिकोरिनची छत्री सरकारला शंभर वर्षांनीही आठवत होती, असे म्हणायला हरकत नाही.

* * *

सोऱ्यातली शेवटची चकली कढईत पडल्यावर मी बहिणीला हे सारे सांगितले. म्हटले, "भाद्रपदात ज्या विमानात निम्म्या खुर्च्या रिकाम्या जातात, त्यांचा खर्च दिवाळीतला भाचा भरतो. भाद्रपदात ज्याने एक-दोन हजारांत तिकीट काढले, त्याचेही थोडे हाच भरतो. त्या हिशेबाने ही लूट नव्हे."

"आणि कोणत्या हिशेबाने लूट?" तिने विचारले.

"शेजारी दुसरे दुकान नसेल तर. मग रिकाम्या खुर्चीचा खर्च किती आणि वरचा नफा किती, हे कोणी तपासायचे? तिकीट फार स्वस्त दिसले की विचारावे, उरलेले पैसे कोण भरतो आहे? आणि फार महाग दिसले की विचारावे, दुसरा विकणारा कुठे गेला?"

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "तुमच्या त्या राजाध्यक्षांसारखं कोणीतरी वह्या मागवून बेरीज करायला हवी."

मला वाटते, या धंद्याच्या नव्वद वर्षांचे सार तिने त्या एका वाक्यात सांगितले. सगळे मोकळे सोडले तर कंपन्या एकमेकींना खातात. सगळे बांधून टाकले तर गिऱ्हाईक रांगेत खितपत पडते. या दोहोंच्या मध्ये उभे राहून शांतपणे, सर्वांसमक्ष जमाखर्च मांडणारे माणूस लागते. आणि तो जमाखर्च वाचणारे लोकही लागतात.

भाच्याने अखेर तिकीट काढले. महाग पडले, पण काढले. पाडव्याला आईच्या हातची चकली खायची तर दुसरा उपाय काय? त्याचे विमान रात्री उशिरा उतरणार आहे. आम्ही सोनेगावला त्याला आणायला जाऊ. निघण्यापूर्वी मी क्षणभर गच्चीवर जाणार आहे. आजी आता नाही, टपालाची विमानेही नाहीत. पण घरघर तीच असेल, आणि ती ऐकून आजीसारखेच म्हणावेसे वाटेल, "आलं."